घाटमाथ्यावरचे खानापूर : पाणी, वाटा आणि माणसे

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा वृत्तांत, देणगीदारांची नामावली आणि ज्येष्ठांची मनोगते यांना स्थान मिळते, ते योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर आपल्या ट्रस्टचे कार्य चालले आहे, त्या भूमीची ओळख करून देणारा एखादा अभ्यासलेखही अशा अंकात असावा, असे आम्हांस वाटते. आपल्या सभासदांपैकी पुष्कळ कुटुंबे आज बेळगाव, पुणे, मुंबई किंवा गोव्यात स्थायिक झाली आहेत. त्यांच्या मुलांना जगाच्या नकाशावर लंडन आणि न्यूयॉर्क चटकन दाखविता येते. पण आपल्या आजोळाजवळून वाहणारी मलप्रभा कोठे उगम पावते आणि कोठे जाते, हे विचारले तर ती गप्प बसतात. दोष मुलांचा नाही. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून बेळगाव जिल्ह्यातील खानापूर हे लहानसे घाटमाथ्यावरचे गाव व त्याचा तालुका आम्ही या लेखासाठी निवडला आहे.

वाचकांनी प्रारंभीच एक सूत्र ध्यानात ठेवावे. या भागात गावांचे भाग्य वाटेबरोबर फिरत आले आहे. वाट जिकडे वळली तिकडे पेठ वसली. वाट सुटली तेव्हा राजधानीचेही खेडे झाले. भूगोल, दळणवळण आणि इतिहास हे तीन विषय शाळेत निरनिराळ्या तासांना शिकवितात. खानापुरात मात्र ते एकमेकांपासून सोडविता येत नाहीत.

स्थान व भूरचना

खानापूर हे बेळगावच्या दक्षिणेस सुमारे 26 किलोमीटरांवर, मलप्रभा नदीच्या काठी वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 650 मीटर, म्हणजे बेळगावपेक्षा ते शंभरएक मीटर खालीच आहे. तरीही त्याला घाटमाथ्यावरचे गाव म्हणावयाचे, कारण त्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे, आणि तालुक्याचा निम्म्याहून अधिक स्वभाव त्या धारेने घडविला आहे.

खानापुरात उभे राहून पश्चिमेकडे निघालो, तर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असे करीत आपण दाट अरण्यात शिरतो. तांबडी जांभ्याची माती, चिंचोळ्या दऱ्या, दरीत भातखाचरे, उतारावर नाचणी, काजू आणि फणस. घरांवर कौले, आणि छपरांना उतार इतका की पावसाचे पाणी क्षणभरही टिकू नये. रोपलावणीच्या दिवसांत बाया डोक्यावर इरले घेऊन चिखलात वाकलेल्या दिसत.

तेथून उलट पूर्वेकडे बिडी, कक्केरी, इटगी, पारिश्वाड, गंदिगवाड या बाजूस गेलो, तर थोडक्या तासांच्या वाटेत देश पालटतो. माती काळी होत जाते, झाडी विरळ होते, भाताच्या जागी जोंधळा व कापूस दिसू लागतो, आणि जुनी घरे सपाट माळवदाची असतात. पश्चिमेकडील घरांत मराठी आणि कोकणीच्या जवळची बोली ऐकू येते, पूर्वेकडे कन्नड. दोन्ही बाजूंचे लोक आठवडी बाजारात भेटतात, आणि तेथे जिला जी भाषा उपयोगी पडेल ती ती बोलते.

या पालटाचे मूळ पावसात आहे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या धारेला अडतात आणि तेथेच रिते होतात; जसजसे पूर्वेला जावे तसतसा त्यांचा हात आखडतो. घाटमाथ्यावरील आमगाव येथे 2010 साली 10,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला गेला. तालुक्याच्या पूर्व टोकाला त्याचा लहानसा अंशही पडत नाही. एकाच तालुक्यात एकीकडे पाणी कोठे जाऊ द्यावे ही चिंता, आणि दुसरीकडे ते कोठून आणावे ही चिंता. पुढे आपण ज्या पाणीतंट्याचा उल्लेख करणार आहोत, त्याचे बीज येथेच पेरलेले आहे.

एका आढ्याच्या दोन वळचणी

आपल्याकडे म्हण आहे, आढ्याचे पाणी वळचणीला. घराच्या छपराचा सर्वांत उंच भाग ते आढे. त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी ओघळते ती वळचण. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे दक्षिण हिंदुस्थानच्या छपराचे आढेच होय. येथे एका डोंगराच्या दोन अंगांवर पडलेल्या पावसाच्या दोन सरी दोन निराळ्या समुद्रांना जाऊन मिळतात.

मलप्रभा कणकुंबी येथे सुमारे 792 मीटर उंचीवर उगम पावते. तेथील माउलीदेवीचे देवस्थान पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. उगमापासून ती पूर्वेची वाट धरते. हब्बनहट्टीच्या मारुतीजवळून, असोग्याच्या रामलिंगाच्या खडकाळ पात्रातून ती खानापुरास येते, आणि पुढे मुगुटखान हुबळीवरून सौंदत्तीकडे जाते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे तिच्यावर मोठे धरण आहे. हुबळी-धारवाडकरांची तहान त्या जलाशयावर भागते. एकूण सुमारे 304 किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगम येथे ती कृष्णेला मिळते, आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते.

याच तालुक्यात, भीमगडाच्या रानात देगावजवळ, अनेक झऱ्यांतून म्हादई जन्म घेते. ती मात्र पश्चिमेची वाट धरते. सह्याद्री उतरून गोव्यात गेल्यावर तिचे नाव मांडवी होते आणि पणजीवरून ती अरबी समुद्रास मिळते. लोंढ्याच्या बाजूचे पाणी पांढरी नदीतून काळी नदीत जाऊन कारवारजवळ समुद्रात पडते. अशा रीतीने एका तालुक्याचे पाणी तीन दिशांना, तीन मोठ्या नद्यांतून जाते. कणकुंबीच्या एखाद्या घराच्या आढ्यावर पडलेल्या पावसाचे अर्धे पाणी पणजीस आणि अर्धे मच्छलीपट्टणाच्या बाजूस जाते, असे कोणी गमतीने म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे.

जुन्या घाटवाटा

पाण्याने जी वाट धरली तीच पुष्कळदा माणसाने धरली. कोकण आणि गोवा येथे मीठ, नारळ, खोबरे, सुपारी. वर देशावर गहू, जोंधळा, तूप, गूळ. एकाजवळ जे उदंड ते दुसऱ्याजवळ नाही. मधे उभा सह्याद्री. तेव्हा या दोन्ही देशांना जोडणाऱ्या घाटवाटा फार प्राचीन काळापासून चालू होत्या. गाड्या चालतील असे रस्ते होण्यापूर्वी हा सर्व व्यापार बैलांच्या पाठीवर चाले. लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर गोणी लादून पावसाळा संपताच घाट उतरत आणि मृग येण्यापूर्वी वर परतत. पावसाचे चार महिने वाटा बंद. म्हणून घरोघर मिठाची, तिखटाची आणि सरपणाची बेगमी वैशाखातच होत असे. आमच्या आज्यांच्या तोंडी ‘आगोट’ हा शब्द होता; पावसाळ्यापूर्वीची ही सारी तरतूद त्या एका शब्दात येई.

घाटमाथ्यावर ज्या ठिकाणी तांडे उतरत, तेथे मालाची अदलाबदल होई. तेथे वाणी आला, सराफ आला, जकातदार आला, देऊळ उभे राहिले. खानापूर तालुक्यातील जुन्या गावांचा इतिहास या एका वाक्यात पुष्कळसा सांगून होतो.

हलशी : वाटेवरची राजधानी

खानापुरापासून सुमारे 15 किलोमीटरांवर हलशी आहे. आज ते साधे खेडे दिसते. परंतु पंधराशे वर्षांपूर्वी हे राजधानीचे नगर होते. त्याचे जुने नाव पलाशिका. पळसाच्या झाडावरून ते पडले असावे, असा तर्क सहज होतो. पुढे त्याचे पलसिगे आणि हळसिगे झाले. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ होतो, हे भाषाशास्त्राचे प्रसिद्ध उदाहरण आपल्या तालुक्याच्या नावातच सापडते.

बनवासीच्या कदंब राजघराण्याचे पलाशिका हे दुसरे ठाणे होते. मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा या कदंब राजांचे ताम्रपट हलशी येथे एकोणिसाव्या शतकात सापडले, आणि त्यांतून कदंबांच्या इतिहासाचा बराच भाग उजेडात आला. मृगेशवर्म्याने येथे जिनालय बांधविल्याचा उल्लेख त्यांत आहे. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांच्या राज्यात ‘पलसिगे बारा हजार’ हा प्रांत मोडत असे. त्यांची एक राजधानी समुद्रकाठी गोपकपट्टण, म्हणजे आजच्या पणजीजवळचे जुने बंदर. आणि घाटावरचे ठाणे हलशी. बंदर व घाटमाथा हे एकाच राज्याचे दोन हात होते. जो घाटाची वाट राखी त्यालाच बंदराची जकात मिळे. हलशीचे भूवराह-नरसिंहाचे भव्य मंदिर त्याच काळातले. आजही तेथे दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत, आणि ज्यांनी ते पाहिले नाही अशा सभासदांनी सहकुटुंब एकदा अवश्य जाऊन यावे.

कदंबांची सत्ता गेली, गोव्याचे बंदर इतरांच्या हाती गेले, आणि हलशीवरून जाणारी राजवाट साधी पायवाट झाली. देऊळ राहिले, नगर राहिले नाही.

नंदगड व कित्तूरकर

शिवकाळात या रानाचे महत्त्व पुन्हा वाढले. गोव्यातील पोर्तुगीजांवर नजर ठेवावयाची तर घाटाचे तोंड हाती हवे. भीमगडचा किल्ला शिवाजी महाराजांच्या काळात याच हेतूने बळकट झाला. किल्ला आज झाडीत बुडाला आहे. परंतु वर चढून गेल्यास त्याची जागा किती विचारपूर्वक निवडली होती हे कोणाही सामान्य माणसाच्या ध्यानात येते.

पुढे नंदगड ही पेठ भरभराटीस आली. खानापूरच्या आग्नेयेस असलेले हे गाव कित्तूरच्या देसाईंच्या अमलाखाली होते. गोव्याहून सुपारी, नारळ, खोबरे, खोबरेल, खजूर व मीठ येथे येई आणि येथून चहूकडे जाई; उलट दिशेस गहू आणि इतर धान्य उतरे. 1824 साली राणी चन्नम्मा यांच्या नेतृत्वाखाली कित्तूरने इंग्रजांशी सामना दिला. राणी बंदिवासात 1829 साली बैलहोंगल येथे निवर्तल्या. त्यांचा शूर सरदार संगोळ्ळी रायण्णा याने मात्र लढा सोडला नाही. त्याच्या टोळ्यांनी बिडी, खानापूर, संपगाव या भागातील सरकारी कचेऱ्यांवर हल्ले केले. शेवटी फितुरीने तो पकडला गेला, आणि 26 जानेवारी 1831 रोजी त्याला नंदगडजवळ वडाच्या झाडास फाशी देण्यात आले. आज तेथे त्याची समाधी आहे आणि दूरदूरचे लोक दर्शनास येतात. मूल व्हावे म्हणून नवस बोलणारेही येतात. ज्या तारखेस देश प्रजासत्ताक दिन साजरा करतो, तीच ही तारीख, हा योगायोग मुलांना जरूर सांगावा.

आगगाडी आली

1876 ते 1878 या काळात दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. विजापूर, धारवाड, बेळगाव या जिल्ह्यांत माणसे अन्नावाचून मेली. अन्न कोठेच नव्हते असे नाही. ते जेथे होते तेथून आणण्याचे साधन नव्हते. बैलांना चारा नाही, तर गोणी कोण वाहणार? या धड्यातून दक्षिण महाराष्ट्रात लोहमार्ग घालण्याचा निर्णय झाला आणि 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. दुसरीकडे 1878 साली इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत करार होऊन मुरगाव बंदर आणि तेथून घाटापर्यंतचा लोहमार्ग बांधण्याचे ठरले. 1880 च्या दशकाच्या अखेरीस हे दोन्ही मार्ग एकमेकांस मिळाले, आणि लोंढा हे मोठे जंक्शन झाले. त्यानंतर लवकरच मिरजमार्गे पुण्याशीही गाडी जोडली गेली.

या मार्गाची रचना नकाशावर पाहण्यासारखी आहे. बेळगावहून निघालेली गाडी देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी अशी स्टेशने घेत लोंढ्यास येते. तेथे वाटा फुटतात. एक नागरगाळी, तावरगट्टी, अळणावर अशी धारवाड-हुबळीकडे जाते. दुसरी तिनईघाट, कॅसलरॉक अशी गोव्याकडे. कॅसलरॉकहून कुळेपर्यंत गाडी सह्याद्री उतरते. तेथे 37 मीटर पुढे गेले की 1 मीटर खाली, इतका तीव्र उतार आहे. बोगद्यांमागून बोगदे आहेत, आणि मधेच 310 मीटर उंचीवरून कोसळणारा दूधसागर अगदी रुळाशेजारी आहे. पोर्तुगीज अमलात कॅसलरॉकला सामानाची जकाततपासणी होई. आगगाडीत बसून परराज्यात जाण्याचा अनुभव आपल्या वाडवडिलांना असा घरबसल्या मिळत असे.

आगगाडीने काय केले? पहिली गोष्ट, तांडे बंद पडले. हजारो बैल जे महिन्यात वाहत ते एक मालगाडी दोन दिवसांत वाहू लागली. दुसरी गोष्ट, नंदगडचा माल खानापूरच्या स्टेशनाकडे वळला, कारण रूळ नंदगडवरून न जाता खानापूरवरून गेले होते. तिसरी गोष्ट, रानातील साग, शिसव, बांबू यांना दूरची बाजारपेठ मिळाली. गुंजी, लोंढा, नागरगाळी ही लाकडाची ठाणी झाली. चौथी, खानापुरातील कुंभारांची चिकणमाती आणि तिची कौले, विटा, भांडी लांबवर पोहोचू लागली. मातीच्या कामासाठी खानापूरचे नाव आजही आहे, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था येथे याच कारणाने स्थापन झाली. शेवटची गोष्ट मात्र सर्वांत महत्त्वाची. माणसे बाहेर पडू लागली. मुंबईच्या गिरण्यांत, पुण्याच्या पेठांत, गोव्याच्या खाणींवर आपले लोक याच गाडीने गेले. आपल्या ट्रस्टच्या जुन्या सभासदांच्या घरी विचारले, तर बहुतेकांचे पहिले तिकीट याच मार्गावरचे निघेल.

1955 साली गोवामुक्तीचा सत्याग्रह ऐन भरात असताना गोव्याची नाकेबंदी झाली आणि घाटातली गाडी थांबली. बेळगाव तेव्हा सत्याग्रहींचे मोठे ठाणे होते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, त्यानंतर रूळ पुन्हा जागे झाले. 1990 च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. 2003 पासून हा मार्ग हुबळी येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण-पश्चिम रेल्वेकडे आहे.

मोटाररस्ता आणि सीमा

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोपर्यंत मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आला. सीमाप्रश्नावर 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे, आणि त्याचा ऊहापोह हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. भूगोलाच्या दृष्टीने एवढेच नोंदवावयाचे की, खानापूर तालुक्याच्या एका अंगास महाराष्ट्राचा चंदगड, दुसऱ्या अंगास गोव्याचा सत्तरी. मुली तिन्ही राज्यांत दिल्याघेतल्या जातात. लग्नपत्रिकेवर पत्ते तीन राज्यांचे असतात, आणि वऱ्हाड एकाच दिवसात जेवून परत येते.

मोटारींचे दोन रस्ते आज खानापूर तालुक्यातून गोव्यास जातात. एक बेळगावहून खानापूर, लोंढा, अनमोड, मोले असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग. दुसरा बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटावरून साखळीस उतरणारा. गोव्याकडील भाजी, दूध आणि प्रवासी यांची मोठी वर्दळ आता चोर्ला घाटातून चालते. म्हणजे वाट पुन्हा हलली! चोर्ल्याच्या रस्त्याला खानापूर शहर लागत नाही. हलशीला जे राजवाट सुटल्याने झाले, नंदगडला जे रूळ न आल्याने झाले, त्याचा थोडा अनुभव खानापूरच्या पेठेलाही आता येऊ लागला आहे. मात्र बेळगाव-खानापूर रस्ता रुंद झाल्याने उलट टोकाचा बदलही दिसतो. पूर्वी जो माणूस कापड खरेदीस खानापुरात येई, तो तासाभरात बेळगाव गाठतो. चांगला रस्ता गावात गिऱ्हाईक आणतो तसाच गावातले गिऱ्हाईक बाहेरही नेतो, हे दुकानदारांना कोणी शिकवावे लागत नाही.

पाणी देणाऱ्यांच्या वाटेला काय?

येथवर वाचकांनी पाहिले, की हा तालुका बाहेरच्यांना काय काय देत आला आहे. घाटाची वाट, लाकूड, माती, माणसे आणि सर्वांत वरचे म्हणजे पाणी. आता घेण्याची बाजूही पाहिली पाहिजे.

म्हादईचे काही पाणी कणकुंबीजवळील कळसा आणि नेरसे गावाजवळील भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेत वळवावे, अशी कर्नाटकाची योजना आहे. आढ्याच्या एका वळचणीचे पाणी दुसऱ्या वळचणीस न्यावे, असाच हा विचार. मलप्रभेच्या खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची टंचाई आहे, हे खरे. गोव्यात म्हादई हीच पुष्कळांची जीवनदायिनी आहे, आणि तिचे पाणी आटले तर खाडीचे खारे पाणी आत शिरेल ही भीतीही खरी. 2010 साली लवाद नेमला गेला. त्याने 14 ऑगस्ट 2018 रोजी निर्णय देऊन कर्नाटकास सर्व मिळून 13.42 टी.एम.सी. पाणी मंजूर केले. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यावरही तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. या वादात हुबळीचे नाव येते, पणजीचे नाव येते. जेथून पाणी निघते त्या कणकुंबी, नेरसे, देगाव यांची नावे योजनेचे ठिकाण म्हणून येतात, तेथे राहणारी माणसे म्हणून क्वचितच.

भीमगडाचे रान 2011 साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर आहे. वाघ, अस्वल, गवा येथे आहेत. बारापेडे येथील गुहांत राहणारे एक दुर्मिळ जातीचे वटवाघूळ तर शास्त्रज्ञांना दीर्घकाळ जगात केवळ येथेच ठाऊक होते. हे रान राखले नाही तर झरे आटतील, आणि झरे आटले तर ना मलप्रभा राहील ना म्हादई. तेव्हा अभयारण्याचा हेतू निःसंशय चांगला आहे.

परंतु याच रानात आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोळी, कृष्णापूर, तळेवाडी, देगाव अशी गावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वनकायद्यामुळे पक्का रस्ता नाही, पूल नाही. पावसाळ्यात ओढे भरले की गाव तुटते. आजारी माणसाला लाकडी डोलीत घालून, खांद्यावरून, ओढ्यातून कित्येक किलोमीटर वाहून न्यावे लागल्याच्या बातम्या 2024 च्या पावसाळ्यातही आल्या. जो तालुका 1880 च्या दशकात आगगाडीने समुद्रास जोडला गेला, त्याच तालुक्यात सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर ही अवस्था. लमाणांच्या तांड्यांची वाट जशी पावसाच्या चार महिन्यांत बंद असे, तशीच या गावांची वाट आजही बंद होते.

शासनाने या गावांपुढे स्थलांतराचा पर्याय ठेवला आहे. प्रत्येक कुटुंबास 15 लाख रुपये, आणि 2025 साली तळेवाडीपासून त्याचा आरंभ झाला. काहींनी तो आनंदाने स्वीकारला, कारण मुलांची शाळा आणि दवाखाना त्यांना हवा होता. काही वृद्ध माणसे मात्र विचारतात, देवाचे काय? शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला, गावदेवीला कोणत्या हिशेबात धरले आहे? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आमच्या मते, जाणाऱ्याला पुरते साहाय्य व्हावे, आणि राहणाऱ्याला निदान पावसाळ्यात ओढ्यावरून पार होण्यापुरता साकव तरी मिळावा. जावे की राहावे हे त्या त्या कुटुंबाने ठरवावे; वाट नाही म्हणून नाइलाजाने ठरू नये. रान राखणे हे सर्वांचे काम असेल, तर त्याची किंमत आठ-दहा वाड्यांनीच भरावी, हा न्याय नव्हे.

येथे आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांना करण्यासारखे थोडे पण निश्चित असे काम आहे. आतल्या गावांतील मुलांची पावसाळ्याचे चार महिने खानापुरात राहण्याची सोय. आगोटीपूर्वी औषधांची एक पेटी प्रत्येक वाडीत. आणि गरोदर स्त्रियांना आषाढापूर्वी रस्त्यालगतच्या नातलगांकडे आणण्यासाठी थोडे साहाय्य. या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. वेळेवर आठवण लागते.

मुलांसाठी अभ्यास

ज्या घरांत मुले हा अंक वाचतील, त्यांच्यासाठी तीन गोष्टी सुचवितो.

1. तालुक्याचा नकाशा घेऊन मलप्रभेची वाट निळ्या, म्हादईची हिरव्या आणि लोहमार्गाची काळ्या पेन्सिलीने काढा. तीन रेषा कोठे एकमेकींजवळ येतात आणि कोठे पाठ फिरवितात, ते पाहा.

2. घरातील सर्वांत वृद्ध माणसास विचारा : लहानपणी बाजारास कोणत्या वाटेने जात होता? किती वेळ लागे? वाटेत मुक्काम कोठे होई? त्यांनी सांगितलेली वाटेतील झाडांची, टेकड्यांची आणि ओढ्यांची नावे वहीत उतरवून घ्या. यांतील पुष्कळ नावे कोणत्याही छापील नकाशात नाहीत. ती त्या माणसाबरोबर जातील.

3. आपल्या गावाच्या नळाचे पाणी कोणत्या नदीचे आहे, आणि ती नदी कोठे उगम पावते, ते शोधून काढा. उगमाजवळ कोणते गाव आहे, तेथे पावसाळ्यात मोटार जाते की नाही, हेही विचारा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मोठ्यांनीही मुलांबरोबर बसावे, अशी आमची विनंती आहे. हुबळीच्या नळाला येणारे पाणी कणकुंबीच्या डोंगरावरून निघालेले असते, आणि पणजीच्या पुलाखालून जाणारे देगावच्या रानातून. पाणी खाली येते. वर काय जाते, याचा विचार करण्याइतके आपण सर्व सुस्थितीत आहोत. आगगाडी, महामार्ग आणि बंदर यांच्या लाभाने जी कुटुंबे पुढे आली, त्यांनी ज्या वाड्यांपर्यंत अजून वाट पोहोचली नाही त्यांची आठवण ठेवावी, यासाठीच हा लेख लिहिला आहे.